बडोद्यात मराठी बुक क्लब शोधताय? दांडिया बाजारातला हा बघा

महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, एका जुन्या घराच्या वरच्या हॉलमध्ये जमतात, फी काही नाही, चहा-चिवड्याचे पैसे सगळे मिळून काढतात. बडोद्यात मराठीतून इतकी मन लावून केलेली चर्चा मला तरी दुसरीकडे मिळालेली नाही.

या वेळचं पुस्तक होतं अमेरिकन मानवशास्त्रज्ञ सारा हर्डींचं 'मदर्स अँड अदर्स', २००९ सालचं. माणूस इतका मिळूनमिसळून वागायला कसा लागला हा विषय. बाईंचं सुरुवातीचं संशोधन आपल्या माउंट अबूच्या वानरांवर, हे कळल्यावर तर सगळे सरसावूनच बसले. हर्डींचं म्हणणं असं की चिंपांझीची आई पहिले काही महिने पिल्लू कुणाकडे देतच नाही पण माणसाचं बाळ आजी, मावशी, मोठी बहीण अशा कितीतरी हातांत वाढतं, मग त्याला प्रत्येकाचा चेहरा वाचावा लागतो, जीव लावावा लागतो, आणि दुसऱ्याच्या मनातलं ओळखायची आपली ताकद तिथून वाढली.

त्यावर कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं, अबूच्या वानरांतही दुसऱ्या माद्या पिल्लू घेतात की, मग त्यांचं तसं का नाही झालं? फार आवडला मला हा प्रश्न. चर्चा चालवणाऱ्या काकू, प्राणिशास्त्राच्या रिटायर्ड प्रोफेसर, त्यांनी शांतपणे सांगितलं की त्या माद्या पिल्लू नुसतं कडेवर घेतात, खाऊ घालत नाहीत, आणि माणसात दुसरेही भरवतात, शिवाय आपले पूर्वज एप, चिंपांझी-गोरिलांसारखे बिनशेपटीचे, म्हणजे डोकं आधीच बरंच चालणारं, या दोन गोष्टी एकत्र आल्या.

मग एक काका म्हणाले म्हणजे आपलं एकत्र कुटुंबच बरोबर. टाळ्याही पडल्या, पण काकूंनी तिथे सोडलं नाही, रेबेका सिअर आणि रूथ मेस या संशोधकांचा २००८ चा आढावा काढला, अनेक समाजांची आकडेवारी एकत्र केलेला. त्यात बाळ जगण्याशी आईच्या आईचा संबंध जास्त ठळक दिसतो, वडिलांच्या आईचा कुठे दिसतो कुठे नाही. हॉलमध्ये सासवाही होत्या, सुनाही होत्या, त्यामुळे पुढचा अर्धा तास कुणी कुणाला बोलू देईना, पण माहेरच्या बाळंतपणाबद्दल, नोकरीवाल्या मुलीचं बाळ कोण बघणार याबद्दल बायका जे बोलल्या ते इतकं खरं होतं की मी घरी येऊन आईला फोन केला.

तक्रारी आहेत. पुरुष फार लांबण लावतात, कुणीतरी वेळ बघायला हवी. जनुकं, नैसर्गिक निवड हे नवीन माणसाला कुणी समजावत नाही. पुस्तक इंग्रजीत असेल तर दोन पानांचा मराठी सारांश आधी द्या अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण आमच्या शेजारच्या आजी यायला तयार आहेत आणि या विषयावर त्यांच्याइतकं बोलण्यासारखं कुणाकडेच नसेल.

लिफ्ट नाही, जिना उंच आहे. गाडी लांब लावून चालत या, बाजारात जागा मिळत नाही.