बायोफिल्टरमध्ये भरायचं काय: लाकडी चिप्स, काथ्या की लाव्हा?

बायोफिल्टर म्हणजे वासाची हवा ज्यातून सोडायची तो भरावाचा थर, म्हणजे बेड. त्यात राहणारे जिवाणू वास खाऊन टाकतात, आणि त्या भरावालाच मीडिया म्हणतात. त्याचं कोटेशन हातात आलं की नजर आधी दरावर जाते. माझं सांगणं एवढंच, की आधी हवेत काय आहे ते मोजून घ्या. सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनवरचा सडक्या अंड्यांचा वास आणि खतशेडमधला अमोनियाचा झोंबणारा वास, दोन्हींना आपण दुर्गंधीच म्हणतो. पण त्यांना एकच मीडिया चालत नाही.

सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. जिवाणू तो खातात आणि सल्फ्युरिक आम्ल सोडतात. १ किलो वायू पूर्ण पचला की जवळपास २.९ किलो आम्ल तयार होतं. हे जिवाणू सामू (pH) २ पर्यंत उतरला तरी तग धरतात. हार खातो तो मीडिया. लाकूड काळं पडतं, बोटाने दाबलं तर चुरा होतं, बेड खाली बसतो आणि हवा ढकलणाऱ्या ब्लोअरवरचा दाब चढत जातो. हा वायू भरपूर असेल तर सच्छिद्र लाव्हा खडक किंवा भाजलेल्या मातीचे हलके गोळेच घ्या. सुरुवातीची किंमत टोचते, पण दहा वर्षं बदलावं लागत नाही. मात्र त्यांच्यात जिवाणूंना खायला काहीच नसतं. नायट्रोजन, फॉस्फरस पाण्यातून द्यावा लागतो, आणि पाण्याची फवारणी चुकली की बेड लवकर सुकतो.

‘लाव्हाच ना, मग आपली काळी खडी का नको?’ असं हमखास विचारलं जातं. दख्खनचा बेसाल्ट लाव्हाचाच, हे खरं. पण रस्त्याची खडी घट्ट असते. तिच्या पोटात पाणी शिरत नाही, मग जिवाणू वस्ती करणार कुठे?

खतशेड किंवा सौम्य, मिश्र वास असेल तर मी डोळे झाकून लाकडी चिप्स आणि कंपोस्टचं मिश्रण सुचवेन. चिप्स हवेला वाट देतात, कंपोस्ट जिवाणू आणि त्यांचं खाणं पुरवतं. चिप्स जास्त, कंपोस्ट कमी. लाकडाचा भुसा अजिबात नको. दोन ते पाच वर्षांनी बदलावं लागेल, तो खर्च आजच हिशेबात धरा.

कोकणात असाल तर नारळाच्या सोडणाचे, म्हणजे काथ्याच्या सालीचे, तुकडे उत्तम. पाणी छान धरतात आणि कुजायला वेळ घेतात. फक्त क्षार जाईपर्यंत धुऊन घ्या आणि बारीक कोकोपीट (काथ्याचा भुगा) टाळा, ते चिकटून हवा अडवतं. साखर कारखान्याजवळ बगॅस (उसाचं चिपाड) स्वस्त मिळतो, पण उरलेल्या साखरेमुळे तो लवकर कुजून बसतो. मी तो वापरणार नाही.

जागेचा अंदाज सोपा आहे. तासाला ३६०० घनमीटर हवा म्हणजे सेकंदाला १. जिवाणूंना वास खायला वेळ मिळावा म्हणून तिला बेडमध्ये ४५ सेकंद थांबवायचं तर ४५ घनमीटर मीडिया हवा, म्हणजे १ मीटर उंचीच्या बेडला ४५ चौरस मीटर जागा. ती नसेल तर चिप्सचा विषय तिथेच संपतो.

चालू बेड बघायला मिळाला तर भिंतीच्या कडेला हात घाला. बेड सुकायला तिथूनच सुरुवात होते. सेंद्रिय मीडिया असेल तर मूठभर घेऊन घट्ट पिळा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त, हात कोरडा राहिला तर जिवाणू उपाशी. आणि ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराला विचारा, जुना मीडिया काढायला ट्रॅक्टर-ट्रॉली बेडपर्यंत येणार का, की सगळं घमेल्यानेच उपसायचं.