नाटकासाठी जमदाड आणि बिचवा: डिचोलीच्या मेस्तांचं काम

आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात मी अफझलखान करतो. खानाच्या हाती बहुतेक ठिकाणी वाकडा खंजीर दिसतो, कारण भाड्याने सामान देणाऱ्यांच्या पेटीत तोच असतो. मला ते कायम खटकायचं. शिवाजी महाराजांचं चरित्र सांगणाऱ्या सभासदाच्या बखरीत खानाच्या हाती 'जमदाड' आहे, आणि जमदाड ही कट्यारीच्या जातीची. खंजिराला वर सरळ मूठ असते. कट्यारीला दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या आणि मधे आडव्या दांड्या. त्या दांड्या मुठीत आवळल्या की पातं मनगटाच्या सरळ रेषेत पुढे येतं आणि वारामागे अख्ख्या हाताचा जोर लागतो. म्हणजे हत्यार बदललं की नटाचा हातही बदलतो. खंजीर वरून खाली येतो, कट्यार ठोशासारखी सरळ कुशीत जाते.

गोव्यात डिचोलीतल्या एका मेस्तांकडे, म्हणजे कारागिरांकडे, यंदा दोन्ही हत्यारं करून घेतली, खानासाठी जमदाड आणि महाराजांसाठी बिचवा. काम बघून मन भरून आलं. मेस्तांनी आधी माझी मूठ मापली, मग दांड्यांमधलं अंतर ठरवलं. मूठ लोखंडी पट्टीची, पातं अ‍ॅल्युमिनियमचं, दुधारी दिसणारं. पण कडा घासून बोथट केलेल्या आणि टोक गोल. तालमीत कुणाला ओरखडासुद्धा आला नाही.

म्यानाची गोष्ट मुद्दाम सांगतो. बखरीप्रमाणे खान महाराजांची मान काखेत धरतो आणि म्यान टाकून जमदाड चालवतो. म्हणजे म्यान एका हाताने, झटक्यात निघायला हवं. पहिलं म्यान घट्ट बसत होतं. मेस्तांनी प्रसंग ऐकून घेतला, मलाच तो करून दाखवायला लावला आणि तोंडाशी आतलं कापड कमी केलं. आता मनगट झटकलं की म्यान खाली पडतं आणि पातं महाराजांच्या चिलखतावर खरखरतं. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तो आवाज ऐकू येतो.

बिचवा त्याहून देखणा झालाय. विंचवाच्या नांगीसारखं वळणदार पातं, मूठ कडीसारखी, अंगरख्याच्या अस्तनीत सहज लपते. 10 नोव्हेंबर 1659 चा प्रसंग उभा करायचा तर हे लपणं दिसायलाच हवं.

तक्रार एकच. मुठीचा सोनेरी रंग घामाने तळव्याला लागतो. मेस्तांना सांगितलंय, पुढच्या वेळी पितळी पत्रा लावून देणार आहेत. दोन्हींचे मिळून 2,200 रुपये झाले. भाड्याच्या सामानापेक्षा महाग, पण हत्यारं मंडळाची झाली.

काम द्यायचं असेल तर दिवाळीच्या आधीच सांगून ठेवा. शिगमा, म्हणजे गोव्यातला होळीचा सण, जवळ आला की घोडेमोडणी या नाचाच्या तलवारी दुरुस्तीला येतात आणि मेस्त नवीन काम घेत नाहीत.