कानपुरी खोगीर, आठ महिने: चामडं पास, काटा नापास

खोगीर १७ इंची. सोबत तंग (घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा), रिकिबी, लगाम. सगळं मिळून साडेअठरा हजार. वापर आठ महिने, त्यात घाटमाथ्यावरचा अख्खा पावसाळा. दुसऱ्याच महिन्यात लिहिलं असतं तर एक तारा दिला असता, तोही जड हाताने. कारण तंगाच्या बकलाचा काटा.

बकल ठीक आहे, काटा नाही. लोखंडी, वर निकेलचा मुलामा. आता तंग आवळताना घोडी पोट फुगवणार हे ठरलेलं. दहा-वीस पावलं चालवली की ती हवा सोडते, मग अजून एक-दोन भोकं आवळायची. पुढच्या खेपेला ती जास्त फुगवते. हा सगळा हिशेब त्या बिचाऱ्या काट्यावर चुकता होतो. आधी तो वाकला. मग घामाच्या खारटपणाने मुलामा सोलला, गंज धरला, गंजक्या कडेने पट्ट्याचं भोक लांबट केलं. एवढ्या लोखंडात विक्रेत्याने किती वाचवले असतील? फार तर वडापावचे पैसे. फोटो पाठवले तर उत्तर आलं: "सर, घोडा जरा जाड आहे."

शेवटी एक इंची स्टेनलेसची चार बकलं आणली आणि कोल्हापुरी चपला करणाऱ्या कारागिराकडून बसवून घेतली. मेणाचा दोरा, दोन सुया, इंचाला सात टाके. मशीनचा एक टाका तुटला की शिवण पुढे उसवत जाते. दोन सुयांची तशी उसवत नाही. बकलं धरून सहाशे रुपये. त्यानंतर तंगाकडे बघावं लागलेलं नाही.

काट्याचा राग उतरल्यावर चामडं नीट पाहिलं, आणि ते खरंच चांगलं आहे. पट्टा दुमडला तर बारीक सुरकुत्या पडतात, वरचा रंग पापडासारखा सुटत नाही. पावसाळ्यात बुरशी आलीच. व्हिनेगर-पाणी समसमान घेऊन पुसायचं, सावलीत वाळवायचं, मग ग्लिसरीन साबण, शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. तेलात न्हाऊ घातलं तर पट्टे ताणतात. प्लास्टिकच्या पिशवीत तर ठेवूच नका. रिकिबीचे पट्टे महिन्याला डावे-उजवे बदला. चढणं कायम डावीकडून, त्यामुळे डावा लांबतो. माझा अर्धा इंच लांबला.

मारवाडी घोडीचा खांदवटा, म्हणजे मानेच्या मुळाशी पाठीवरचा उंचवटा, उंच असतो आणि दुकानातल्या खोगिराचा 'मिडियम' सांगाडा त्यावर सरळ टेकतो. स्वार बसलेला असताना मध्ये दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत. फेरीनंतर खोगीर उतरवून घाम बघा: ओल्या पाठीत कोरडा ठिपका म्हणजे तिथे दाब. माझ्याकडे डाव्या बाजूला तळहाताएवढा ठिपका निघाला. पॅनल, म्हणजे खोगिराखालची गादी, उसवलं तर आत कापडाच्या चिंध्यांचे गोळे. म्हणजे शब्दशः खोगीरभरती! लोकर भरून घेतली, आणखी अकराशे.

तर आता साडेतीन तारे. अर्धा तारा काट्याने खाल्ला, एक चिंध्यांनी. लगामाचं टोक घोडीने खाल्लंय, त्याचे मार्क कापलेले नाहीत.