सीए-१२५ की आयएचसी? पोटातलं पाणी काढणार असाल तर हे आधी वाचा

सोनोग्राफीत ओव्हरीवर गाठ आणि पोटात पाणी दिसलं की घरातले सगळे सीए-१२५ या रक्ताच्या टेस्टचा आकडा धरून बसतात, ३५ च्या वर गेला म्हणजे कॅन्सरच. तसं नसतं हो. फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, पोटाचा टीबी, लिव्हरचं दुखणं, अगदी पाळी चालू असली तरी तो चढतो, आणि उलट पहिल्या स्टेजच्या जवळपास निम्म्या बायकांत नॉर्मलच येतो. एचई-४ हा रक्तातला दुसरा मार्कर एंडोमेट्रिओसिसमध्ये सहसा चढत नाही, पण किडनी कमजोर असेल तर तोही फसवतो. रक्ताची टेस्ट स्वस्त आहे, लगेच होते, किमो लागू पडतेय का ते बघायला सीए-१२५ खरंच उपयोगी, तेवढं मान्य.

पण पेशी कुठून आल्या ते रक्त सांगत नाही, ते आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशी रंगवून ओळखायची टेस्ट) सांगतं. पाण्यातल्या पेशी गोळा करून मेणात ब्लॉक करतात, त्याच्या पातळ कापांवर अँटीबॉडी घालतात, ती चिकटली तिथे तपकिरी रंग येतो. प्रत्येक मार्करची अँटीबॉडी वेगळी. पॅक्स-८ हा मार्कर पेशीच्या न्यूक्लियसमध्ये रंगला तर ओव्हरीचा संशय पक्का होत जातो, मात्र किडनी, थायरॉइड, गर्भाशयाच्या कॅन्सरमध्येही तो येतो. डब्ल्यूटी-१ सिरस कॅन्सरला (ओव्हरीच्या कॅन्सरचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार) चांगला, पण पोटाच्या पोकळीच्या अस्तराच्या साध्या पेशीही त्यात रंगतात, म्हणून पाण्याच्या सॅम्पलवर एकट्या डब्ल्यूटी-१ वर मी तरी विश्वास ठेवणार नाही, सोबत त्या साध्या पेशी ओळखणारं कॅलरेटिनिन हवंच. सीके-७ पॉझिटिव्ह, सीके-२० निगेटिव्ह असेल तर आतड्याच्या कॅन्सरची शक्यता कमी होते.

आणि आयएचसीच्या रिपोर्टमधला पी-५३ हा मार्कर नीट वाचा. निगेटिव्ह दिसलं की लोक सुटकेचा श्वास सोडतात, पण कॅन्सरच्या पेशींत रंग अजिबातच नसणं हेसुद्धा सगळ्या पेशी गडद रंगण्याइतकंच वाईट. थोड्या पेशी फिक्या, थोड्या गडद, तो नॉर्मल पॅटर्न.

माझं मत सांगते, पाणी काढणारच असतील तर पैसे आयएचसीवर घाला. गोमेकॉत (गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात) असा की खाजगीत, पाणी काढायच्या आधीच सेल ब्लॉक करणार का ते डॉक्टरांना विचारा. पाणी नाही, नुसती ओव्हरीतच गाठ आहे, तर सुई घालायचा हट्ट करू नका, गाठ फुटून पेशी पोटात पसरायची भीती असते, तिथे ऑपरेशन करून काढलेल्या गाठीवरच आयएचसी होते. सगळे मार्कर एकदम नकोत, ब्लॉक टिकतो, लागतील तसे पुढे वाढवता येतात, आणि दुसरं मत घ्यायला मुंबईला टाटाला निघालात तर रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि स्लाइडही मागून न्या.