यिर्गाचेफ कॉफी, 250 ग्रॅम: वास पुरेपूर, लेबल अर्धवट

आधी निकाल सांगतो. बेळगावच्या टिळकवाडीतल्या, कॉफी भाजून विकणाऱ्या एका छोट्या दुकानात मिळणारी ही इथिओपियाची कॉफी जरूर घ्यावी, पण दूध-साखर घालूनच पिणार असाल तर घेऊ नका. 250 ग्रॅमला 950 रुपये पडले. दुधाच्या कॉफीला चिकमगळूरची पावडर बरी, खिशालाही परवडते. दूध पडलं की यिर्गाचेफचा वास संपतोच, आणि पैसे त्या वासाचेच आहेत.

पाकीट फोडलं की लिंबाच्या सालीचा वास येतो, पाठोपाठ जुईचा. चिकोरी मिसळलेल्या कॉफीवर वाढलेल्या आपल्या जिभेला पहिला घोट पातळ वाटेल. कडवटपणा जवळजवळ नाही, किंचित आंबट, आणि कप निवत जाईल तशी गोडी वर येते. त्यामुळं घाईनं गरमागरम पिऊ नका. घरातल्या स्टीलच्या फिल्टरात ती उत्तम होते. दळण मात्र जाड सांगा, बारीक रव्याइतकं. नेहमीच्या फिल्टर पावडरीइतकं बारीक केलं तर पाणी खाली उतरत नाही आणि कॉफी कडू होते. पाणी उकळल्यावर मिनिटभर थांबून ओता.

इथिओपियात कॉफी करणं हा घरचा कार्यक्रमच असतो. हिरव्या बिया धुऊन तव्यावर भाजायच्या, तो धूर पाहुण्यांना हुंगायला द्यायचा, बिया कुटायच्या, मग जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळायच्या. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बरका. तिसरी फेरी घेतल्याशिवाय पाहुण्यानं उठायचं नसतं. सोबत भाजलेलं सातू किंवा मक्याच्या लाह्या. पिकलेल्या कॉफीतली निम्म्याच्या आसपास देशातच पिणारे हे लोक. रविवारी शेजारच्या कन्नड वहिनी आणि त्यांचे यजमान आले तेव्हा आम्ही फुटाणे ठेवून तसंच केलं. दुसऱ्या पाण्यालाही जुईचा वास टिकला. तिसऱ्याला नुसता रंग उतरला, तरी गप्पा मात्र तिसऱ्या फेरीतच रंगल्या. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे चहापेक्षा हलकं आहे की ओ." पाकीट महाग वाटत असेल तर हे दुसरं पाणी हिशेबात धरा.

आता लेबल. त्यावर गेदेओ विभाग (यिर्गाचेफ ज्यात येतं तो इथिओपियाचा भाग), 1,900 ते 2,100 मीटर उंची, 'वॉश्ड' (म्हणजे फळाचा गर धुऊन काढलेली बी) आणि भाजल्याची तारीख एवढं छापलंय. पिकवणाऱ्याचं नाव नाही, शेतकऱ्यांच्या सोसायटीचं नाव नाही. पुष्कळांना याचं काही वाटणार नाही. मला वाटतं, कारण मी निपाणीकडच्या तंबाखूच्या घरातला आहे आणि पुढं सगळी नोकरी पीकेपीएसमध्ये, म्हणजे गावच्या शेती सहकारी सोसायटीत, सेक्रेटरी म्हणून केली. 1981 च्या मार्चमध्ये तंबाखूवाले शेतकरी निपाणीला पुणे-बेंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले, शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्यांच्यात होते. माझे वडीलही गाडी-बैल घेऊन गेले होते. माल आमचा, तर भाव व्यापाऱ्यानं एकट्यानं का ठरवायचा, एवढाच प्रश्न होता. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, 12 शेतकरी गेले. त्या घरात वाढलेल्या माणसाला कुठलाही शेतमाल हातात घेतला की पहिला प्रश्न पडतो तो याच्या मालकाला काय मिळालं, हाच.

यिर्गाचेफच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण तिथल्या लोकांनी त्यासाठी झगडून दाखवलंय. गेदेओतल्या बहुतेक कुटुंबांची जमीन एक हेक्टरच्या आत. त्यातच मोठ्या झाडांची सावली, खाली कॉफी आणि एनसेट. एनसेट दिसतं केळीसारखं, पण त्याच्या खोडाचा गर आंबवून भाकरी करतात. म्हणजे पोटाचं पीक आणि पैशाचं पीक एकाच वाफ्यात. ही शेती पिढ्यान् पिढ्या जपली म्हणून गेदेओचा हा मुलूख 2023 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. एक किलो हिरवी बी मिळायला पाच-सहा किलो पिकलेली लाल फळं तोडावी लागतात, तीही हातानं, एकेक निवडून.

2001 च्या सुमारास जगभर कॉफीचा भाव कोसळला. इथिओपियाच्या पूर्वेला हरारच्या बाजूला शेतकऱ्यांनी कॉफी उपटून चाट लावली, ती चघळायची नशेची पानं. त्याच काळात तिथं सहकारी युनियन उभ्या राहत होत्या. ओरोमिया प्रांताची 1999 मध्ये, यिर्गाचेफची 2002 मध्ये. गावची सोसायटी फळं घेते, युनियन लिलाव टाळून थेट परदेशात विकते, आणि विक्रीनंतर नफ्याचा वाटा परत गावात येतो. आपल्याकडं उसाचा दुसरा हप्ता यावा तसा.

पुढं इथिओपियानं आणखी धाडस केलं. 2005 मध्ये सरकारनं अमेरिकेत यिर्गाचेफ, सिदामो आणि हरार या नावांच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. तिथल्या कॉफी व्यापाऱ्यांच्या संघटनेनं हरकत घेतली. दोन वर्षं भांडण चाललं, आणि 2007 मध्ये स्टारबक्सनं इथिओपियाशी करार करून ती नावं परवान्यानं वापरायचं कबूल केलं. एका गरीब म्हणवल्या जाणाऱ्या देशानं आपल्या गावा-मुलखांच्या नावाची किंमत वसूल करायची ठरवली, याचा मला शेतकऱ्याचा मुलगा म्हणून फार अभिमान वाटतो. मग आपल्या बेळगावच्या पाकिटावर सोसायटीचं नाव का नसावं?

दुकानातल्या पोराला हे विचारलं. पोरगा मन लावून धंदा करणारा आहे. म्हणाला, "काका, मुंबईच्या व्यापाऱ्याकडनं पोतं येतंय. त्यावर असंल तर बघून सांगतो." पूर्वी हे उत्तर पटलं असतं. 2008 मध्ये आदिस अबाबाला कमोडिटी एक्स्चेंज, म्हणजे शेतमालाचा सौदेबाजार, सुरू झालं तेव्हा शेतकऱ्याचे पैसे वेळेत मिळू लागले, पण माल प्रतीनुसार एकत्र होई आणि कुठल्या धुलाई केंद्राचा हे पुसलं जाई. 2017 पासून ते नियम सैल झालेत. आता नाव मिळतं, फक्त मागणारा हवा.

सोसायटीत काम केलेल्यांसाठी आणखी एक सांगतो. गेदेओच्या शेजारी ओरोमो लोक राहतात. त्यांच्या गदा नावाच्या कारभाराच्या पद्धतीत सत्ता आठ वर्षांनी पुढच्या गटाकडं सोपवावीच लागते. ओडा नावाच्या, उंबराच्या जातीच्या झाडाखाली सभा भरते, कायदे तिथं बोलून ठरतात. युनेस्कोनं 2016 मध्ये ही पद्धतही आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पदं पुरुषांकडंच राहिली हा त्यातला मोठा उणेपणा, पण अन्याय झाला तर लग्न झालेल्या बायका सिंक्वे नावाची मानाची काठी घेऊन एकजुटीनं उभ्या राहतात आणि त्यांचं ऐकावं लागतं. एकच चेअरमन पंचवीस-पंचवीस वर्षं खुर्ची धरून बसलेला मी पाहिलाय. त्याच्या काळात ठेवी वाढल्या, इमारत झाली, पण एकही नवा माणूस तयार झाला नाही. मुदत संपली की उठायचं, ही सवय ज्या समाजात शेकडो वर्षं मुरली आहे, त्यांच्याकडून आपल्या संचालकांनी शिकावं असं मला मनापासून वाटतं.

पाकिटाबद्दल शेवटचं. भाजून तीन आठवड्यांपेक्षा जास्त झाले असतील तर घेऊ नका, वास अर्ध्यावर येतो. दळून आणलेली तर आठवड्यातच बसते, म्हणून बिया घ्या आणि घरी लागेल तेवढ्याच दळा. सुट्टी 100 ग्रॅमही देतात, पहिल्यांदा तेवढीच घ्या. आणि घेताना सोसायटीचं नाव विचारा. मी विचारलंय, पण चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो पोरगाही मुंबईवाल्याला जोर लावून विचारू शकेल.