रात्र नीट छापून देणारं दुकान

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका आतल्या गल्लीत फोटो छापून देणारं हे छोटं दुकान आहे. पाटी बारकी, शोधताना मी दोनदा पुढं निघून गेलो.

मंगळवार पेठेत आमच्या घरामागच्या कौलांवर येणाऱ्या उदमांजराचे फोटो मी दोन वर्षं काढतोय. परड्यात पपई आहे, तिच्यासाठी ते येतं. मी खायला काही ठेवत नाही. हालचाल टिपणारा सेन्सर लावतो, शटर आठ सेकंद उघडं ठेवतो म्हणजे गल्लीतल्या दिव्याचा उजेड भिंतीवर उतरतो. फ्लॅश अगदी मंद, बत्तिसाव्या हिश्श्यावर. जनावर बुजलं तर तो फोटो मला नकोच.

आधी एका ठिकाणी प्रिंट काढले होते. त्यांनी न विचारता सावल्या उजळल्या. उदमांजर लख्ख दिसलं, पण आभाळ राखाडी झालं आणि रात्रच गेली. वनखात्याच्या नोंदीला तसा फोटो चालेल. मला तो भिंतीवर लावायचाय, चित्रासारखा. चित्रकार आबालाल रहमान यांनी जिथं कोटितीर्थ तळं रंगवलं, त्या गावात ही अपेक्षा जास्त नाही.

इथल्या काकांनी फाइल उघडली आणि आधी खोलीतली ट्यूब बंद केली. बराच वेळ बघून म्हणाले, "दादा, ह्यो अंधार नुसता काळा न्हाई. कौलावर तांबूस हाय, भिंतीला निळसर. त्यो ऱ्हायला पायजे."

मी सुती मॅट कागद मागितला होता. त्यांनी त्यावर आणि बरायटा कागदावर (किंचित चमक असलेला, काळा रंग गडद दाखवणारा फोटो-कागद), दोन्हींवर चार बोटं रुंदीची पट्टी छापून दाखवली. मॅटवर काळा रंग धुरकट बसला होता. बरायटावर पाठीवरचे तिन्ही पट्टे सुटे दिसले, आणि कौलाच्या कडेवर टेकलेला मिशीचा एक केस भिंगाशिवाय दिसला. मी तिथंच बरायटा ठरवला. एका पट्टीचे दीडशे रुपये घेतात, ते द्याच. १६ बाय २४ इंचाचा प्रिंट वाया जाण्यापेक्षा ते परवडतं.

फ्रेम मात्र इथं करू नका. काच साधी लावतात. गडद फोटोत समोरची खिडकी आणि आपलंच तोंड दिसतं. शिवाय माझं काम चार दिवस उशिरा मिळालं.

प्रिंट सोप्यात टेकवून ठेवला होता. शेजारच्या काकू आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आमचीच पन्हळ!" उदमांजर त्यांना नंतर दिसलं. पुढचे सहा प्रिंट इथंच टाकलेत.