‘ऑल-इन-वन’ सोलर पथदिवा: बर्फाच्या रस्त्यावर पहाटेपर्यंत टिकतो का?

पॅनल, बॅटरी, चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर आणि एलईडी असं सगळं एकाच चपट्या डब्यात. खांबावर चढवायचा, दोन बोल्ट आवळायचे, झालं. खोदकाम नाही, केबल नाही, मीटर नाही. त्यामुळे पथदिव्याचे अर्ज करून थकलेले रहिवासी वर्गणी काढतात तेव्हा बहुतेक वेळा हाच दिवा येतो. जिथे वर्षभर ऊन आहे तिथे तो चांगलं काम देतो, त्याबद्दल वाद नाही. हे परीक्षण मात्र बर्फ पडणाऱ्या रस्त्यापुरतं आहे, आणि तिथे पाचापैकी दोनच गुण. त्यातला एक नुसता बसवण्याच्या सोयीचा.

आधी वॅटचं बघू. खोक्यावर ‘३०० वॅट’ छापलेलं असतं. मोजपट्टी घ्या आणि पॅनल मोजा. चांगल्या प्रतीचं पॅनल भर उन्हात एका चौरस मीटरला साधारण २०० वॅट देतं. ६० बाय ५० सेंटिमीटरचं पॅनल म्हणजे ०.३ चौरस मीटर, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॅट. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अशा डब्यातला एलईडी प्रत्यक्षात २० वॅटच्या आसपास चालतो आणि त्यातून फार तर ३,००० ते ३,४०० लुमेन (लुमेन हे उजेडाचं माप) मिळतात. लहान गल्लीला तेवढा उजेड पुरतो, म्हणजे तक्रार उजेडाची नाही. तो किती तास टिकतो, याची आहे.

उन्हाळ्याचा हिशेब असा. रात्र ८ तासांची. पहिले ५ तास पूर्ण २० वॅट म्हणजे १०० वॅट-तास, पुढचे ३ तास मंद ६ वॅट म्हणजे १८. एकूण खर्च ११८. पॅनल ६० वॅटचं, दिवसाला ५ तासांच्या पूर्ण उन्हाइतकी कमाई धरली आणि ३० टक्के गळती वजा केली तर २१० वॅट-तास. बॅटरी रोज भरते आणि वर उरतं. दिवे उन्हाळ्यात बसवले जातात, सगळे खूश होतात, विक्रेत्याचे पैसेही तेव्हाच चुकते होतात.

आता ऐन हिवाळा. रात्र १५ तासांची: ५ तास पूर्ण म्हणजे १००, १० तास मंद म्हणजे ६०, खर्च १६०. आडव्या पॅनलवर ऊन जेमतेम तासाभराइतकं, गळती वजा जाता कमाई ४२. रोजची तूट ११८ वॅट-तास. १२.८ व्होल्ट, ३० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३८४ वॅट-तास, त्यातले ८० टक्के वापरायचे म्हटले तर ३०७. तिसऱ्या पहाटेआधीच दिवा गेलेला असतो. खोक्यावरचा ‘३ दिवस बॅकअप’ खोटा नसतो, पण तो तीन दिवसांनी ऊन पडेल या भरवशावर लिहिलेला असतो. उत्तरेकडच्या थंड देशांतल्या ढगाळ हिवाळ्यात ते तीन आठवडेही पडत नाही.

यातली खरी गोम वेळेची आहे. रस्त्याचा पृष्ठभाग सगळ्यात थंड होतो तो सूर्य उगवण्याच्या सुमारास, आणि बॅटरीही तेव्हाच संपलेली असते. निरभ्र रात्री हवा २ किंवा ३ अंशांवर असतानाही रस्ता शून्याखाली जाऊ शकतो, कारण त्याची उष्णता वर मोकळ्या आकाशात निघून जाते. पूल तर खालूनही गार होतो, म्हणून सगळ्यात आधी गोठतो. माणसं कामाला निघतात त्या वेळी रस्त्यावर पारदर्शक बर्फाचा पापुद्रा असतो आणि डोक्यावर विझलेला दिवा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा शब्दशः.

बॅटरी कोणती ते नीट विचारा. बहुतेक डब्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट असते. आयुष्य उत्तम, उणे २० अंशांपर्यंत वीज देतेही, जरी कमी. पण शून्याखाली तिला चार्ज करायला गेलं तर लिथियम आत मुरण्याऐवजी ऋण ध्रुवावर धातूच्या थरासारखं साचतं. क्षमता कायमची घटते, पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका. चांगल्या बॅटरीतलं संरक्षक सर्किट शून्याखाली चार्जिंग तोडतं. म्हणजे सेल वाचतो, पण लख्ख ऊन पडलेल्या थंड दिवशीही बॅटरी भरत नाही. स्वस्त डब्यात हे सर्किट तापमान बघतच नाही, आणि दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत बॅटरी मेलेली असते. डबा खांबाच्या टोकाला वाऱ्यात लटकतो, त्यामुळे आत ऊब राहण्याचा प्रश्नच नाही. लिथियम टायटॅनेट बॅटरी शून्याखालीही चार्ज होते, पण महाग आणि जागा खाणारी, म्हणून ऑल-इन-वनमध्ये क्वचितच दिसते. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण उतरली की आतलं आम्ल पातळ होऊन गोठतं आणि कवच फुटतं, तेव्हा तिच्या वाट्याला जाऊ नका.

पॅनलचा कोन हा दुसरा दोष, आणि तो मुळातला आहे. डब्याच्या पाठीवरचं पॅनल जवळजवळ आडवं असतं, त्यावर बर्फ बसतो आणि बसूनच राहतो. सगळं पॅनल झाकलं जायलाही नको. खालच्या कडेला चार बोटं बर्फाची पट्टी राहिली तरी तिच्याखालचे सेल बंद पडतात, आणि सगळे सेल एकाच साखळीत असल्यामुळे उरलेल्या पॅनलची वीजही अडते. बंद सेलला वळसा घालून वीज पुढे नेणारा बायपास डायोड लहान पॅनलांत अनेकदा नसतोच. लांब दांड्याला मऊ ब्रश लावून झाडता येतं. फावडं किंवा खरवडणी लावू नका, आणि गरम पाणी तर अजिबात नको, काच तडकते.

एक कमी माहितीचा बिघाड: थंडीत पॅनलचा व्होल्टेज वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३ टक्के. २५ अंशांना २२ व्होल्ट देणारं पॅनल उणे १० ला २४ च्या पुढे जातं. कंट्रोलरची मर्यादा २५ असेल तर कडाक्याच्या थंडीत, बर्फावरून परावर्तित उन्हात तो उडू शकतो. मर्यादा किमान ३० व्होल्ट हवी. दिवा बंद असेल तर भर दुपारी पॅनलच्या तारा सोडवून मल्टिमीटर लावा. २० च्या वर दाखवतोय आणि तरी बॅटरी भरत नाही, तर दोष कंट्रोलरचा किंवा बॅटरीचा. बॅटरीचं तापमान शून्याच्या वर आहे ना, ते आधी बघा, नाहीतर चांगला कंट्रोलर उगाच बदलाल.

हालचाल दिसली की उजळणारा सेन्सर पादचाऱ्यासाठी ठीक, गाडीसाठी निरुपयोगी. त्याची पोच खांबापासून ६ ते ८ मीटर. ताशी ४० किलोमीटरची गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे दिवा उजळतो तेव्हा गाडी खांबाखाली पोचलेली असते. इन्फ्रारेड सेन्सर अंगाची उष्णता बघतो. जाड कोट, टोपी आणि तोंडावर मफलर असलेला माणूस त्याला उशिरा दिसतो, कधी दिसतच नाही. मायक्रोवेव्ह सेन्सरला कपड्यांचा अडथळा होत नाही, पण तो वाऱ्याने हलणाऱ्या फांदीलाही दाद देतो आणि बॅटरी खातो.

रंगाबद्दल थोडक्यात: ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा घेऊ नका, डोळ्यांना खुपतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ साली पथदिव्यांसाठी ३,००० केल्विन किंवा त्याहून कमी सुचवलं आहे. अंतर मात्र रहिवासी हटकून चुकवतात. ६ मीटर उंचीच्या खांबांत २० ते २४ मीटर अंतर हवं. खर्च वाचवायला ४० मीटर ठेवलं की मध्ये काळे पट्टे राहतात, आणि उजेडातून अंधारात शिरणाऱ्या डोळ्याला तिथलाच बर्फ दिसत नाही.

बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकल्यानंतर उजेडाच्या तक्रारी वाढतात, यातही तथ्य आहे. पांढरा बर्फ उजेड परत फेकतो, तर ओलं डांबर तो गिळून टाकतं. दिवा तोच, रस्ता काळा. अशा वेळी ओलं कोणतं आणि गोठलेलं कोणतं हे ओळखायची एक खूण आहे. दिव्याची चकाकी दोन्हींवर सारखीच दिसते, म्हणून समोरच्या गाडीच्या चाकांकडे बघा. मागे पाणी उडतंय तोवर रस्ता ओला. चकाकी तशीच आणि पाणी उडायचं थांबलं, की बर्फ.

मिठाचं काम दिवा करू शकत नाही, तेव्हा वर्गणीतला एक वाटा मिठाच्या पेटीला ठेवा. साधं मीठ रस्त्याचं तापमान उणे ९ अंशांपर्यंत असेल तरच कामाचं. उणे १ ला एक किलो मीठ जवळजवळ ४६ किलो बर्फ वितळवतं, उणे ७ ला साडेआठच्या आसपास आणि उणे १२ ला जेमतेम ५. उणे ९ च्या खाली कॅल्शियम क्लोराईड लागतं, ते विरघळताना स्वतः उष्णता सोडतं. बर्फ धरण्याआधी, संध्याकाळी टाकलं तर चौरस मीटरला १० ग्रॅम पुरतं. ५० मीटर लांब, ५ मीटर रुंद गल्लीला अडीच किलो. साध्या मगात सुमारे ३०० ग्रॅम मावतं, म्हणजे एक मग ३० चौरस मीटरला. बर्फ एकदा दाबून कडक झाला की याच्या कितीतरी पट मीठ ओतूनही तो जागचा हलत नाही. आधी खरवडावा लागतो. फार थंडीत मीठ सोडा आणि २ ते ५ मिलिमीटरची खडी पसरा. ती वितळवत नाही, नुसती पकड देते, आणि वितळणाऱ्या पाण्यात वाहून गेली की गटारात साचते.

या मिठाचा पहिला बळी खांबच. गंज लागतो तो जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या पट्ट्यात, जिथे खारं पाणी उडतं आणि ढकललेला बर्फ साचून राहतो. नुसता रंग दिलेला खांब घेऊ नका, गरम जस्तात बुडवलेलाच घ्या. वसंतात बर्फ गेल्यावर बुडाशी हातोडीने ठोका. टणटणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक आत रुतलं, तर तो खांब पुढचा हिवाळा काढणार नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याला स्टेनलेस बोल्ट असतील तर मध्ये नायलॉनचा वॉशर आणि ग्रीस हवंच. दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, आणि तीन वर्षांनी बोल्ट फिरवायला जाल तर कानच तुटून हातात येतो. खांब रस्त्याच्या कडेपासून आत ठेवा, बर्फ ढकलणाऱ्या गाडीचं पातं कडेच्या बाहेर येतं.

मग घ्यायचं काय? वीज जवळ असेल तर साधा विजेवरचा एलईडी, आणि विषय संपला. थंडीने एलईडीचं काही बिघडत नाही, उलट आयुष्य वाढतं. वीज आणणं शक्यच नसेल तर सुट्या भागांचा सोलर दिवा: १६० वॅटचं पॅनल, ६५ अंशांच्या आसपास उभं, दुपारच्या सूर्याकडे तोंड करून. उभ्या पॅनलवर बर्फ ठरत नाही आणि खाली वाकलेला सूर्यही नीट पडतो. दिवसाला दीड तासाचं ऊन धरलं तरी गळती वजा जाता १६८ वॅट-तास येतात, वरचा १६० चा खर्च कसाबसा भागतो. बॅटरी खांबाच्या टोकाला नको. जमिनीत, गोठण रेषेच्या (जमीन जिथपर्यंत गोठते त्या खोलीच्या) खाली, पाणी न शिरणाऱ्या पेटीत ठेवा. ऑल-इन-वन आधीच बसवून झाला असेल, तर नोव्हेंबरमध्ये रिमोटवरून पूर्ण उजेडाचे ५ तास २ वर आणा आणि ते विभागता येत असतील तर एक तास पहाटेला द्या. खर्च १६० वरून ११८ वर येतो. तूट ७६ ची राहतेच, पण दिवा तिसऱ्याऐवजी चौथ्या पहाटेआधी जातो.

तक्रार लिहिताना ‘दिवा चालत नाही’ एवढंच लिहू नका. खांबाचा क्रमांक, किती वाजता लागला, किती वाजता विझला, आदल्या तीन दिवसांत ऊन होतं की ढग, पॅनलवर बर्फ होता का आणि तापमान किती होतं, हे लिहा. संध्याकाळी लागून पहाटे विझणारा दिवा आणि संध्याकाळी लागतच नाही तो दिवा, यांची दुरुस्ती वेगळी आहे, आणि माणूस चुकीचा भाग घेऊन शिडी चढला की दुसरी फेरी लवकर होत नाही.